कॅलहनची थरथरती रेघ

व्यंगचित्रकार जॉन कॅलहनच्या रिकाम्या व्हीलचेअरच्या चित्रावर 'अपंगांची अशी थट्टा बरी नव्हे' असं कुणीतरी लिहिलंय, म्हणून थोडी भर.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: वाळवंट, घोड्यांवरून पाठलागावर निघालेली टोळी आणि वाळूत सोडून दिलेली एक व्हीलचेअर. म्होरक्या साथीदारांना म्हणतो, "घाबरू नका, पायी जाऊन जाऊन जाईल कुठे!" कॅलहन अमेरिकेतल्या पोर्टलंडचा, आणि स्वतःच व्हीलचेअरवर. म्हणजे थट्टा स्वतःचीच. १९७२ साली, वयाच्या २१व्या वर्षी, झिंगलेल्या मित्राच्या गाडीत बसला आणि अपघातात हातपाय अधू झाले. त्याची स्वतःची दारू सुटायला पुढे सहा वर्षं गेली.

पेन उजव्या हातात धरायचा आणि डाव्या हाताने तो हात कागदावर सरकवायचा. म्हणून माणसं कशी ओबडधोबड, लहान मुलाने काढल्यासारखी दिसतात. मला तर त्या रेघेतच अर्धा विनोद वाटतो. सफाईदार हाताने काढलं असतं तर तेच चित्र नुसतं क्रूर झालं असतं.

'विलामेट वीक' साप्ताहिकाने त्याला २७ वर्षं छापलं. संतापलेली पत्रं यायची. पण आपण हद्द ओलांडली का, हे तो व्हीलचेअरवरच्या लोकांच्या प्रतिक्रियेवरून ठरवायचा. कीव करणाऱ्यांचा त्याला मनस्वी कंटाळा.

२०१० मध्ये गेला. दिग्दर्शक गस व्हॅन सँटच्या २०१८ च्या चित्रपटात वाकीन फीनिक्सने त्याचं काम केलंय. चित्रपटाचं नाव म्हणजे तीच म्होरक्याची ओळ.