‘व्ही-०’ला अग्निरोधक म्हणावे का?

विचारणा
भिंतीतल्या स्विच-सॉकेटच्या माहितीपत्रकाचे मराठीकरण चालू आहे. आवरणाच्या प्लास्टिकपुढे ‘यूएल ९४ व्ही-०, १.६ मि.मी.’ असे आहे. (यूएल ९४ म्हणजे प्लास्टिक कसे जळते हे तपासणारे मानक; व्ही-०, व्ही-१, व्ही-२, एचबी या त्यातल्या श्रेणी.) जुन्या मराठी प्रतीत त्याला ‘अग्निरोधक’ म्हटले आहे. तेच ठेवावे का? व्ही-२ आणि एचबीला काय म्हणावे?

प्रतिसाद १
ठेवू नका. अग्निरोधक दरवाजा आगीला अडवून धरतो; व्ही-० प्लास्टिक पेटते, फक्त ज्योत काढल्यावर लवकर विझते. चाचणीत १२५ मि.मी. लांब आणि १३ मि.मी. रुंद पट्टी उभी टांगतात. खालच्या टोकाला २० मि.मी. उंचीची ज्योत १० सेकंद धरतात, पट्टी विझली की पुन्हा १० सेकंद. अशा ५ पट्ट्या. एकाही वेळी ती १० सेकंदांहून जास्त जळता कामा नये आणि सगळ्या वेळांची बेरीज ५० सेकंदांच्या आत हवी. ३०० मि.मी. खाली कापूस ठेवतात. जळते थेंब पडून तो पेटला की व्ही-० हुकले.

काही जण ‘स्वयंशामक’ लिहितात. माझी पसंती ‘ज्योत काढल्यावर आपोआप विझणारे’ला. लांब आहे, पण इलेक्ट्रिशियनला कोशात बघावे लागत नाही.

प्रतिसाद २
व्ही-१ आणि व्ही-२ची वेळमर्यादा एकच : एका वेळी ३० सेकंद, एकूण २५०. फरक कापसाचा. व्ही-२मध्ये तो पेटला तरी चालतो, म्हणून ‘आपोआप विझणारे, पण जळते थेंब पडू शकतात’ असे पूर्ण लिहा. दुसरा भाग गाळणे धोक्याचे आहे, खाली वायरींचा गुंता असतो.

साधे नायलॉन ६६ बहुधा व्ही-२मध्ये बसते ते थेंबांमुळेच; वितळलेला भाग उष्णता घेऊन गळून पडतो. मजबुतीसाठी त्यात काचतंतू घातले की गळणे थांबते, तंतू वातीचे काम करतात आणि ज्वालारोधक मिश्रण नसेल तर तेच नायलॉन एचबीवर घसरते.

एचबी म्हणजे ‘सावकाश जळणारे’. पट्टी आडवी धरतात. ३ ते १३ मि.मी. जाडीला मिनिटाला ४० मि.मी., त्याहून पातळ असेल तर ७५ मि.मी. ही वेगाची मर्यादा. ‘विझणारे’ हा शब्द इथे नको.

प्रतिसाद ३
‘१.६ मि.मी.’ गाळू नका. श्रेणी त्या जाडीची आहे, नुसत्या प्लास्टिकची नाही. ३ मि.मी.ला व्ही-० असलेला माल ०.८ला व्ही-२ निघू शकतो. त्यामुळे आवरणाची सर्वांत पातळ भिंत किंवा क्लिप मोजून ताडून बघावी लागते. ‘१.६ मि.मी. जाडीला व्ही-०’ असे लिहा. साच्यात ओतताना जास्त रिग्राइंड (दळून पुन्हा वापरलेले प्लास्टिक) मिसळला तरी ही श्रेणी गृहीत धरता येत नाही. थर्मोप्लास्टिकला (तापवल्यावर मऊ होणाऱ्या प्लास्टिकला) रिग्राइंडची सर्वसाधारण मर्यादा वजनाने २५ टक्के आहे.

प्रतिसाद ४
पत्रकात पुढे ‘८५० अंश’ असेल तर ती तप्त तार चाचणी, व्ही-०चे दुसरे नाव नव्हे. सैल टर्मिनल तापते तेव्हा सुरुवातीला ज्योत नसते, म्हणून इथे लाल तापलेली तार ३० सेकंद टेकवतात. तार काढल्यावर ३० सेकंदांत ज्योत विझावी आणि २०० मि.मी. खालचा पातळ कागद पेटू नये. भिंतीतल्या सॉकेटमध्ये विद्युतवाहक भाग जागी धरणाऱ्या प्लास्टिकला ८५० अंश सेल्सिअस लावतात. दोन्ही निकाल वेगळ्या ओळींत छापा.