मदत हवी आहे: कुबरनेटीसच्या डेस्कटॉप टूलमध्ये मेलेला पॉड हिरवाच दिसतो, नव्या आवृत्तीत हे खरंच सुटलंय का?

नमस्कार मंडळी,

जळगावहून लिहितोय. आमचा कुबरनेटीसचा क्लस्टर (प्रोग्रॅम चालवणाऱ्या मशीनचा एकत्र सांभाळला जाणारा गट) छोटा आहे. सावद्याला केळी पिकवण्याच्या चेंबरशेजारच्या खोलीत तीन मशीन, त्यावर के-थ्री-एस (कुबरनेटीसचा हलका अवतार). दर मिनिटाला प्रत्येक चेंबरचं तापमान घेतलं जातं आणि १८ अंशांच्या वर गेलं की मेसेज जातो. मी इथल्या ऑफिसातून एका डेस्कटॉप टूलमध्ये सगळं बघतो. टूलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष त्याचा की आमच्या लाईनचा हे अजून ठरायचंय. हवं असल्यास व्यनि (खासगी निरोप) करा.

झालं असं. मे महिन्यात एका रात्री सावद्याची लाईट गेली. मुख्य मशीन इन्व्हर्टरवर होतं, ते चालू राहिलं. राउटर बंद होऊन परत सुरू झाला, पण दोनपैकी एक वर्कर (पॉड चालवणारं मशीन) उठलाच नाही. मेसेज पाठवणारा पॉड (क्लस्टरमध्ये चालणारा प्रोग्रॅम) नेमका त्याच्यावर. त्याच्या जागी आलेल्या नव्या पॉडला दुसऱ्या वर्करवर मेमरी मिळेना, तो पेंडिंगमध्येच अडकला. माझ्या स्क्रीनवर मात्र जुनाच पॉड, रनिंग, हिरवा. तो मी त्याच संध्याकाळी डिप्लॉय केला होता आणि एजच्या रकान्यात त्याचं वय वाढतही होतं: ३ तास ४१ मिनिटं, ३ तास ४२ मिनिटं. ते बघून मी निश्चिंत झोपलो. नंतर कळलं की हा आकडा टूल स्वतःच पॉडच्या जन्मवेळेवरून मोजतं, त्यासाठी सर्व्हरला विचारतच नाही.

पहाटे चेंबरवरच्या भाऊंचा फोन आला. "भाऊ, पाच नंबर गरम होऊन राह्यलं, तुमचा मेसेज काही आला नाही." लाईट आल्यावर पाच नंबरचा कॉम्प्रेसर सुरूच झाला नव्हता. इथिलीन दिलेली केळी पिकताना स्वतःही उष्णता सोडते, त्यामुळे कूलिंग थांबलं की चेंबर भराभर तापतं. शेतकऱ्याचा माल मऊ पडला. ते अजून मनातून जात नाही.

मला समजलेलं कारण सांगतो, चुकत असेन तर दुरुस्त करा. टूल आधी पॉडची पूर्ण यादी मागवतं आणि मग वॉच (बदल कळवणारं सतत उघडं कनेक्शन) उघडून फक्त बदल ऐकत बसतं. मधल्या राउटरने किंवा नॅटने ते कनेक्शन न सांगता टाकून दिलं, तर टूलला वाटतं की काही बदललंच नाही. एपीआय सर्व्हर (टूलला क्लस्टरची माहिती देणारा) त्याच्या बाजूने वॉच अधूनमधून बंद करतो, पण तो निरोपही त्याच मेलेल्या लाईनवरून येणार. क्यूबसीटीएल (कुबरनेटीसचं कमांड-लाईन टूल) मात्र लाईन शांत झाली की पिंग टाकून बघतं, म्हणून त्याला मिनिटभरात कळतं.

आता नवी आवृत्ती आली आहे. तुटलेला वॉच ओळखून यादी पुन्हा आणण्याची दुरुस्ती केल्याचं तिच्या नोंदींत लिहिलंय. शिवाय अनेक पॉडचे लॉग एकाच खिडकीत, आणि प्रत्येक क्लस्टरला वेगळ्या रंगाची पट्टी. पट्टी फार कामाची आहे, टेस्ट समजून खऱ्या क्लस्टरवर हात पडण्याची भीती कमी झाली.

दुरुस्ती मी तपासून पाहिली. नेटची वायर काढून उपयोग नाही, लॅपटॉपला लगेच कळतं. म्हणून मधल्या लिनक्स मशीनवर ६४४३ पोर्टचे (एपीआय सर्व्हरचा पोर्ट) पॅकेट १० मिनिटं ड्रॉप केले (रिजेक्ट नाही, रिजेक्ट केलं तर समोरच्याला उत्तर जातं) आणि तेवढ्यात एक पॉड उडवला, एक वर्करही बंद केला. जुन्या आवृत्तीत पॉड हिरवाच राहिला. नव्या आवृत्तीत ड्रॉपचा नियम काढल्यावर मिनिटभरात पॉडची यादी सुधारली, पण नोडची (क्लस्टरमधल्या मशीनची) यादी जुनीच. बंद केलेला वर्कर अजून रेडी दिसतोय! टूल बंद करून उघडलं की बरोबर होतं.

दुसरी अडचण: अपडेटनंतर सीपीयू आणि मेमरीचे आलेख कोरे आहेत. क्यूबसीटीएल टॉप मात्र व्यवस्थित आकडे देतं.

कुणी अशा ये-जा करणाऱ्या लाईनवर नवी आवृत्ती वापरतंय का? नोडच्या यादीसाठी वेगळी सेटिंग आहे का?

संपादन, रात्री ९:४०: उत्तरांबद्दल मनापासून आभार. आलेखांचा प्रश्न सुटला. टूल ते प्रोमिथियसकडून (आकडे साठवणारी वेगळी यंत्रणा) घेतं, क्यूबसीटीएल टॉपसारखं मेट्रिक्स सर्व्हरकडून नाही, आणि आमचा प्रोमिथियस वेगळ्या नेमस्पेसमध्ये (क्लस्टरमधल्या वेगळ्या कप्प्यात) होता. सेटिंगमध्ये त्याचा पत्ता हाताने दिला, आलेख आले.

६४४३ पोर्ट बाहेरच्या नेटवर उघडं ठेवल्याबद्दल ज्यांनी रागावून लिहिलं त्यांचं बरोबर आहे. ते बंद केलं. सावद्याच्या मुख्य मशीनपर्यंत वायरगार्ड (व्हीपीएन) टाकलं, पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (लाईन जागी ठेवणारा छोटा निरोप) दर २५ सेकंदांनी. संध्याकाळपासून लाईन निवांत पडूनही वॉच तुटलेला नाही. मेसेजचा पॉड जिवंत आहे का, हे आता क्लस्टरबाहेरचं एक मशीन दर मिनिटाला विचारतं आणि उत्तर नाही मिळालं तर मला फोन लावतं.

नोडच्या यादीचं कोडं तसंच आहे. वर सांगितलेली ड्रॉपची चाचणी कुणी आपल्या टेस्ट क्लस्टरवर करून बघेल का? नोड तुमच्याकडेही रेडीच राहिला तर टूल बनवणाऱ्यांकडे रीतसर बग नोंदवतो, चाचणीच्या पायऱ्या लिहून तयार आहेत.