शाळेची क्रिकेट टीम कशावर चालायची? अनुभव लिहा

नाइटवॉचमन
आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर परवापासून जुंपलीय. शाळेला काहीतरी द्यायचं म्हणून वर्गणी काढली आणि दुबईला असलेल्या एका उत्साही मित्राने बोलिंग मशीन द्यायचं सुचवलं. मशीन! ज्या शाळेत दुपारी गेलेली लाइट शाळा सुटल्यावर येते, तिथे. त्यावरून जुनं सगळं वर आलं, म्हणून हा धागा.

कराडकडची अनुदानित शाळा. खेळाची ग्रँट आली की आधी कबड्डी आणि खो-खो, कारण त्यांना खर्च कमी आणि त्यात आमची शाळा जिल्ह्यापर्यंत धडकायची. क्रिकेटला उरलंसुरलं. आमच्या पी.टी.च्या सरांनी कुठूनतरी डांबराचं रिकामं पिंप आणलं, मधून लोखंडी पाइप घातला आणि शाळेचं बांधकाम चालू होतं त्या गवंड्याकडून आत काँक्रीट ओतून घेतलं. झाला रोलर. पण पिंपाला बाहेरून दोन कडी उठून असतात ना, त्यांच्या दोन चाकोऱ्या पिचवर या टोकापासून त्या टोकापर्यंत उमटायच्या. एक बरोब्बर ऑफ स्टंपच्या लायनीत. बाहेरच्या टीमला कळायचंच नाही की आमचा मीडियम पेसर एवढा कट कसा करतो.

वर मॅट काथ्याची. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात म्हणून खाली मुरूम टाकून, पाणी मारून, दाबून घ्यायचा आणि मॅट चारी बाजूंनी ताणून खिळे ठोकायचे. खेळून झालं की गुंडाळायची, आत बांबू घालायचा आणि पालखीसारखी खांद्यावरून प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत. पावसात भिजली तर आख्खी आठवी ब बोलवावी लागे.

तर तुमच्या शाळेत टीम कोण चालवायचं, पैसे कुठून यायचे, काय काय जुगाड व्हायचे? लिहा. सचिन-विनोदची पार्टनरशिप सगळ्यांना पाठ आहे, ती सोडून चालेल :-)

खडूस ओपनर
मॅट!! श्रीमंत शाळा तुमची.
आमच्याकडे पॅडची एकच जोडी. दोन्ही बॅट्समन एकेक बांधायचे, डाव्या पायाला. डावखुरा आला की भर ओव्हरमध्ये सोडबांध. अंपायर वैतागून घड्याळ बघायचे.
गार्डही एकच होता. त्याबद्दल लिहीत नाही, लोक जेवत असतील.

उसळपाव
जेवतच होतो. धन्यवाद.

दादरकर
सोडून चालेल म्हणालात म्हणजे लिहिलंच पाहिजे. फेब्रुवारी 1988, आझाद मैदान, हॅरिस शील्ड (मुंबईतली शाळांची स्पर्धा), शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. सचिन नाबाद 326, कांबळी नाबाद 349, दोघांत 664. 2 बाद 748 वर डाव घोषित. हे झालं पाठांतर.

मला त्यातली भारी वाटते ती वेगळीच गोष्ट. पुढचा बॅट्समन अमोल मुझुमदार पॅड बांधून बसला तो बसलाच, बॅटिंग काही मिळाली नाही. पुढे रणजी पदार्पणात 260 मारले, भारताकडून कधीच खेळला नाही, आणि 2025 मध्ये आपल्या पोरींनी वर्ल्डकप जिंकला तेव्हा कोच कोण? आणि मार खाणाऱ्या झेवियर्सकडून कोण बोलिंग टाकत होतं? सायराज बहुतुले. तोही पुढे टेस्ट खेळला.
म्हणजे एका शाळेच्या मॅचमध्ये बाकावरचा आणि समोरचा पण त्या ताकदीचा. हे सचिन-कांबळीचे कोच आचरेकर सर, त्यांच्या एकट्याच्या चपराकीने होत नाही. वर्षानुवर्षं चाललेली हॅरिस आणि गाइल्स शील्ड, एकमेकांना खुन्नस देणाऱ्या शाळा, जवळ जवळ मैदानं, पावसाळ्यात क्लबांची कांगा लीग... सगळी साखळी होती. बाकी महाराष्ट्रात हुशार पोरं नव्हती असं नाही, साखळी नव्हती.

खडूस ओपनर
+१ शेवटच्या वाक्याला

वऱ्हाडी बाणा
जि. प. शाळेवर मास्तर आहे, यवतमाळ जिल्हा. सध्याचं सांगतो.
आमचे पोट्टे टेनिस बॉलवर कोणालाही ऐकत नाहीत. तालुक्याच्या स्पर्धेला गेलो की हातात सीझन बॉल, म्हणजे कातडी, टणक. पहिला बॉल छातीवर आला की पाय लेग साइडला पळतो तो पळतोच. पंधरा मिनिटांत टीम तंबूत. घरी येताना जीपमध्ये कोणी बोलत नाही.
त्यात स्पर्धा पडते कापूस वेचणीच्या दिवसांत. माझा ओपनर मायबरोबर वावरात असते. त्याला काय म्हणू, वेचणी सोड अन् चल?

एक गोष्ट उशिरा समजली ती इथं लिहून ठेवतो, कोणाच्या कामी येईल. मोठ्यांचा बॉल 156 ग्रॅमच्या वर असते, 13 वर्षांखालच्या पोरांसाठी लहान बॉल निघते, 135 ग्रॅमच्या आसपास. दुकानदार ठेवत नाहीत, सांगून मागवा लागते. तो आणला, आधी अंडरआर्म टाकून खेळवलं, मग हळूहळू लांबून. आता पळत नाहीत. हरतात, पण उभे राहून हरतात.

कोल्हापुरी मिरची
वऱ्हाडी बाणा, किती छान लिहिलंय. वेचणीचं वाचून पोटात कालवलं.

मी कीपर होते. मुलींची टीम नव्हतीच, मुलांच्यात खेळायचे. सरावाला कुणाचं काही म्हणणं नसायचं, उलट कीपिंगला कोणी तयार नसायचं म्हणून मला बोलवायला घरी यायचे. तालुक्याला गेलो तर समोरच्या शाळेच्या सरांनी हरकत घेतली, "मुलगी चालणार नाही." आमच्या सरांनी बरीच हुज्जत घातली पण नियम तो नियम. मी स्कोअरबोर्डच्या पाट्या बदलत बसले आणि माझ्या जागी ज्याला उभं केलं त्याने बाय किती दिले ते विचारू नका. आनंद झाला होता मला, खोटं कशाला बोलू!
नंतर व्हॉलीबॉल. तिथे मुलींची टीम होती एवढंच कारण.
स्मृती मानधना आमच्या शेजारच्या सांगलीची. नऊ वर्षांची असताना महाराष्ट्राच्या 15 वर्षांखालील संघात आली. ते वाचलं की वाटतं, तिच्या घरी भाऊ खेळत होता, वडील सोबत उभे होते. ज्या पोरींच्या घरी असं कोणी नाही त्यांच्यासाठी शाळाच असते. शाळेत टीम नसेल तर विषय संपला.

नाइटवॉचमन
पाट्या बदलण्याचा किस्सा जबरी आहे. ते सर नंतर भेटले का कधी?

कोल्हापुरी मिरची
भेटले ना. लग्नात. नवऱ्याचे लांबचे काका निघाले 😂

उसळपाव
कराडकडची म्हणजे ओगलेवाडीच्या बाजूची का शाळा? आमच्या मामांचं गाव तिकडे.

नाइटवॉचमन
ओळख पटेल, सांगत नाही. त्या चाकोऱ्या अजून आहेत.

शेवटची लोकल
घाईत लिहितेय, कुकर लावलाय.
मुलगा 14 खालच्या टीममध्ये आहे. विरारवरून पहाटेची गाडी, किटबॅग त्याच्याएवढी. मालडब्यात चढायचं. तिथले मासळीवाले काका आता ओळखतात, बॅगेला जागा करून देतात आणि काल किती मारले विचारतात. शून्य असला तर काही बोलत नाहीत, चॉकलेट देतात. शार्दूल ठाकूर पालघरवरून यायचा, हे त्याला त्यांनीच सांगितलं.
शाळेचे कोच दिनेश लाड सरांनी शार्दूलला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं होतं आणि रोहित शर्माला शाळेत घेताना फी माफ करून घेतली होती. सगळ्यांना असे सर मिळत नाहीत. आमच्या बाबतीत ते काम वर्गशिक्षिका करतात. मॅच असली की वही दुसऱ्या मुलाकडून भरून घेतात, बुडलेली चाचणी शनिवारी घेतात. त्यांना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही. "फायनल म्हणजे शेवटची ना, मग पुढच्या आठवड्यात येईल ना तो?" असं विचारत होत्या.
शिट्टी झाली, आले.

स्कोअरबुक
मी कधीच खेळलो नाही पण टीमबरोबर सगळीकडे गेलो. अक्षर चांगलं म्हणून सरांनी स्कोअरबुक दिलं. दोन रंगांच्या पेनने बोलरचे आकडे लिहायचो, बेरीज जुळेपर्यंत जेवायचो नाही.

म्हणून 2016 च्या जानेवारीत कल्याणच्या प्रणव धनावडेने नाबाद 1009 काढले तेव्हा आधी आठवण आली ती स्कोअररची. 3 बाद 1465! पानं किती जोडली असतील. सगळ्या पेपरांत तोच पोरगा, आणि त्याचं कौतुक व्हायलाच हवं, 1899 पासूनचा इंग्लंडच्या कॉलिन्स नावाच्या शाळकरी पोराचा नाबाद 628 चा विक्रम मोडला. पण समोरची टीम 31 आणि 52 मध्ये गेली. त्या पोरांनी पुढे बॅट हातात धरली का? मोठ्या टीमची परीक्षा होती म्हणून लहानांना उतरवलेलं. अशा मॅचला शालेय क्रिकेटचा विकास म्हणायचं का?

खडूस ओपनर
मग त्याने काय मुद्दाम आउट व्हायचं? डाव घोषित करणं कोचचं काम.

स्कोअरबुक
तेच म्हणतोय. पोराबद्दल तक्रार नाहीच. त्याचे तरी काय हाल झाले, आधी डोक्यावर घेतला, स्कॉलरशिप दिली, मग धावा होईनात तशी टीका. शेवटी घरच्यांनी स्कॉलरशिप आपणहून परत केली. शाळकरी पोरावर एवढं ओझं?

यारा काठी
मेलबर्नहून. इथे लहान मुलांचं क्रिकेट बरंचसं क्लबमधून चालतं. पहिल्या टप्प्यात 7-7 जणांची टीम, पिच 16 मीटरचं (पूर्ण पिच 20.12), आणि सगळ्यांना बॅटिंग-बोलिंग मिळालीच पाहिजे. ठरलेले बॉल झाले की आउट नसलास तरी बाहेर. आमच्या चिरंजीवांना पहिल्या सीझनला सरळ टप्पा टाकता येत नव्हता, तरी दर मॅचला ओव्हर मिळाली. भारतात असता तर लाँग लेगला पाणी पाजत बसला असता (माझ्यासारखा).
बाकी फुकट काही नाही. पालकांची पाळी लागते. कोणी स्कोअर लिहायचा, कोणी स्क्वेअर लेगला उभं राहायचं, कोणी सॉसेज भाजून विकायचे आणि त्या पैशातून बॉल आणायचे. मी शाकाहारी, मला कांदा परतायला उभं करतात.

दादरकर
सगळ्यांना ओव्हर देऊन मुंबईचा खडूसपणा कसा येणार?

यारा काठी
दहा वर्षांच्या पोराला खडूसपणा कशाला हवाय हो. आणि ते लोक मोठेपणी काय कमी खडूस असतात का?

दादरकर
हा मुद्दा बिनतोड आहे. मागे घेतो.

शिट्टी
मी निवृत्त क्रीडाशिक्षक. धागा मुलाने दाखवला, टायपिंगला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

टीम चालवणे म्हणजे मैदानावरचा अर्धा भाग. उरलेला अर्धा कागद. बोनाफाइड, जन्मदाखला, फोटोवर मुख्याध्यापकांचा शिक्का निम्मा फोटोवर निम्मा कागदावर, प्रवेश फी, एसटीचे वेळापत्रक. एखाद्याच्या दाखल्यावर वडिलांचे नाव एक आणि शाळेच्या रजिस्टरला दुसरे, की मुलगा बाद. चांगले खेळाडू मी असे घालवलेले पाहिलेत. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात म्हटल्यावर मात्र जे पालक कधी मैदानाकडे फिरकले नाहीत ते घरी पेढे घेऊन येत. पेढे खाल्ले, टीममध्ये घेतले नाही.

नाइटवॉचमन यांना सांगायचे ते असे. मशीन पहिल्या वर्षी सगळे हाताळतील, दुसऱ्या वर्षी ते कपाटात जाईल आणि किल्ली क्लार्ककडे राहील. शाळेला लागतात बॉल, ते संपतात. लागते मॅट, ती उंदीर कुरतडतात. लागते जाण्यायेण्याचे भाडे आणि दुपारचे जेवण. सीझनपुरता एक माणूस पगारावर ठेवा, जो पाणी मारील, रोलर फिरवील. मुलांकडून रोलर ओढून घेतल्यावर सरावाला त्यांच्यात त्राण उरत नाही, आणि आपण त्याला शिस्त म्हणतो. या गोष्टींवर देणगीदाराचे नाव रंगवता येत नाही, म्हणून कोणी देत नाही.

वऱ्हाडी बाणा
सर, नमस्कार. शिक्क्याचं तर अगदी अगदी.

नाइटवॉचमन
सर, तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा ग्रुपवर टाकला. दुबईवाला ऑनलाइन दिसतोय पण गप्प आहे.
काथ्याची मॅट घ्यावी की सिंथेटिक? आणि माप?

शिट्टी
लांबी 66 फूट, रुंदी साधारण 8 फूट. काथ्यावर बॉल वळतो, उसळतो, मुले शिकतात, पण वाळवावी लागते. सिंथेटिकची देखभाल कमी. ठेवायची खोली कोरडी आहे का ते आधी पाहा.

शेवटची लोकल
परत आले. कुणाला 10-11 वर्षांच्या मुलाचे पॅड हवेत का? आमच्याला लहान झालेत. हेल्मेट देणार नाही, एकदा बॉल लागलाय त्याला. ग्लव्हज पण आहेत, पण डावखुऱ्याचे.

वऱ्हाडी बाणा
पॅड पाठवा ताई, कुरियरचे पैसे मी देतो. डावखुरा एक आहे माझ्याकडं, बोलिंगला. बॅटिंग उजव्या हातानं करते.

खडूस ओपनर
घ्या घ्या, त्याला डाव्याने शिकवा. पॅड बदलायचा त्रास तर नाही ना आता.

शेवटची लोकल
कुरियरचं राहू दे हो. पत्ता विपूत (विचारपुशीत) टाका, रविवारी बांधून ठेवते.