मदत हवी आहे: भाच्याला मेंदूची गाठ, रेडिएशन कोणतं घ्यावं?

कृष्णाकाठ
तातडीने सल्ला हवा आहे. भाचा ७ वर्षांचा. मेंदूतली गाठ ऑपरेशन करून काढली. आता डॉक्टर रेडिएशन म्हणतात आणि ताईचे सासरे अडून बसलेत, की पोराची बुद्धी जाईल, नकोच. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. राकेश जलालींनी केलेल्या अभ्यासाबद्दल वाचलं, नेमक्या जागी रेडिएशन दिलं तर बुद्ध्यांक टिकतो असं. ते कोणत्या मशीनवर मिळतं? सांगलीत होईल का? मंगळवारपर्यंत ठरवायचं आहे.

प्राची_डों
गाठ कोणती? बायोप्सीत काय आलं? ऑपरेशन कधी झालं?

रानवाट
प्रोटॉन घ्या, दुसरं काही बघू नका. साधे एक्स-रे शरीरातून आरपार जातात, प्रोटॉन ठरलेल्या खोलीवर थांबतो. नवी मुंबईत खारघरला टाटाचंच प्रोटॉन केंद्र २०२३ पासून सुरू आहे, चेन्नईला २०१९ पासून आहे.

अण्णा६१
मुलांच्या हातातून मोबाइल काढा आधी. रात्री उशाशी ठेवतात.

प्राची_डों
अण्णा, त्यांनी कारण विचारलेलं नाही. आणि मोबाइलने गाठ होते असं सिद्धही झालेलं नाही. ती आई आधीच स्वतःला दोष देत असेल.

कृष्णाकाठ
गाठ पूर्ण निघाली म्हणाले, मग कोणती होती याने काय फरक पडतो? मागे छोट्या मेंदूत होती. जेवताना चमचा वाटीबाहेर जायचा, तिथून कळलं.

अदितीची_आई
दादा, त्यानेच सगळा फरक पडतो. जलालींचा अभ्यास मी वहीत उतरवून घेतला होता. २००१ ते २०१२, वय ३ ते २५, एकूण २०० जण, सगळ्यांच्या गाठी सौम्य किंवा कमी श्रेणीच्या. त्यांचे दोन गट केले, दोघांना डोस तोच, ५४ ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक), ३० वेळांत. फरक फक्त किरण किती नेमके याचा. ५ वर्षांत नेमके किरण दिलेल्या गटाचा बुद्ध्यांक चांगला राहिला, हार्मोनचे नवे बिघाड ३१ टक्के, दुसऱ्या गटात ५१. जगण्याच्या प्रमाणात फरक नव्हता. पण छोट्या मेंदूतली गाठ वेगळीही असू शकते. रिपोर्ट बघून लिहा.

कृष्णाकाठ
ताईकडून फोटो मागवला. मेड्युलोब्लास्टोमा, ग्रेड ४. ऑपरेशनला आज २४ दिवस झाले.

अदितीची_आई
मग तो अभ्यास तुमच्या बाळासाठी नाही हो. माझ्या मुलीला हीच गाठ होती, नवव्या वर्षी. याच्या पेशी पाठीच्या पाण्यातून पसरतात, म्हणून पूर्ण डोकं आणि पूर्ण मणका रेडिएशनमध्ये घ्यावाच लागतो. गाठ परतण्याचा धोका साधारण असेल तर बहुतेक २३.४ ग्रे, जास्त असेल तर ३६, आणि गाठीच्या जागी वाढवून ५४ च्या आसपास. मणक्याचा एमआरआय आणि पाठीचं पाणी तपासलं का, हे आधी विचारा. धोका त्यावर ठरतो.

रानवाट
मणका घ्यायचा असेल तर प्रोटॉन आणखीच हवा. मणक्याच्या पुढच्या बाजूला असलेलं हृदय, आतडी वाचतात.

प्राची_डों
फायदा आहेच. पण २४ दिवस गेलेत, रेडिएशन साधारण ४ ते ६ आठवड्यांत सुरू व्हावं असं बघतात. खारघरला उद्याच फोन करा, तारीख लांबची मिळाली तर साध्या मशीनवर सुरू करा. प्रोटॉनसाठी थांबून गाठ परत आली तर काय करणार?

सह्यकडा
जनुकीय तपासणी करून घ्या. डब्ल्यूएनटी गट, म्हणजे याच गाठीचा कमी धोक्याचा प्रकार, निघाला तर मणक्याला रेडिएशन नको म्हणावं.

अदितीची_आई
हे कृपया कुणी मनावर घेऊ नका. तपासणी जरूर करा, पण टाटामध्येच त्या गटाला फक्त गाठीच्या जागी रेडिएशन देऊन पाहिलं होतं, गाठी परत आल्या आणि तो प्रयोग मध्येच थांबवावा लागला. अमेरिकेतही ३ ते ७ वर्षांच्या मुलांचा डोस २३.४ वरून १८ वर आणला, तर आजार परतण्याचं प्रमाण वाढलं. २०२१ मध्ये छापून आलंय.

कृष्णाकाठ
म्हणजे सासरे म्हणतात ते खरं?

अदितीची_आई
भीती खरी आहे, हट्ट चुकीचा. माझी मुलगी आता दहावीत आहे. गणिताला वेळ लागतो, शाळा पेपरला जादा वेळ देते. रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी. पण समोर बसून माझ्याशी भांडते. त्यांच्याशी माझं बोलणं करून द्या, व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) नंबर देते.

प्राची_डों
खारघरला राहायची सोय लागेल. सेंट ज्यूड संस्थेचं विचारा, उपचार चालू असलेल्या मुलांना आईवडिलांसह मोफत ठेवतात. महात्मा फुले योजनेचं कार्ड, रेशन कार्ड, सगळ्या स्कॅनच्या सीडी सोबत घ्या.

कृष्णाकाठ
मणक्याचा एमआरआय झालेलाच नाही. आत्ता ताईला विचारलं. उद्या सकाळी करून घेतो. आणखी एक, रेडिएशन देताना डोकं हलू नये म्हणून तो जाळीचा मास्क लावतात तेव्हा पोरगं घाबरतं का?

अदितीची_आई
पहिल्या दिवशी हो. जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवतात, ओलसर ऊब लागते, दोन-चार मिनिटांत कडक होते. आम्ही घरी ओला गरम पंचा तोंडावर टाकून वीसपर्यंत आकडे मोजायचा सराव केला होता. आजच सुरू करा, नाक मोकळं ठेवून.

कृष्णाकाठ
सासऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, त्या बाईंना फोन लाव. व्यनि केलाय, नंबर द्या.