सुरक्षित, संरक्षित की निर्धास्त? क्लाउडच्या संदर्भातील एक शब्दचर्चा

मूळ टिपण

आमच्या भागातील एका पतसंस्थेच्या वार्षिक अहवालाचे मराठी तपासण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. यंदाच्या मसुद्यात पुढील वाक्य आले : ‘संस्थेची सर्व माहिती आता क्लाउडवर ठेवलेली असल्यामुळे ती पूर्णतः सुरक्षित असून त्यासाठी कोणत्याही अतिरिक्त सुरक्षा उत्पादनाची आवश्यकता नाही.’ (क्लाउड म्हणजे दुसऱ्या कंपनीचे, इंटरनेटवरून वापरायचे संगणक.) व्याकरणाच्या दृष्टीने या वाक्यात खोट काढण्यासारखे काही नव्हते, आणि ते तसेच छापायला गेलेही असते.

त्याच अहवालाच्या शेवटी सभासदांसाठी एका कोऱ्या नमुना अर्जाचा दुवा दिला होता. छापण्यापूर्वी तो चालतो की नाही हे पाहावे म्हणून मी तो फोनवर उघडला, आणि अर्ज व्यवस्थित उघडला. मग पत्ता उतरवून घेताना शेवटचे फाइलचे नाव माझ्याकडून गळले, तेव्हा त्या बकेटमध्ये, म्हणजे क्लाउडवरील फाइलींच्या कप्प्यात, ठेवलेल्या सगळ्या फाइलींच्या नावांची लांबलचक यादी पडद्यावर आली. यादीतील एक नाव पत्त्याला जोडताच एका सभासदाच्या आधार कार्डाची प्रत समोर उभी राहिली. पासवर्ड कुठेही विचारला गेला नाही. मी ती तत्काळ बंद केली आणि सचिवांना फोन केला. तासाभरात त्यांच्या संगणक-सल्लागाराने ती बकेट खासगी केली. त्यासाठी एकही उत्पादन विकत घ्यावे लागले नाही, कारण ती सोय मूळ सेवेतच होती, फक्त कोणी वापरली नव्हती.

तेव्हापासून मी ‘सुरक्षित’ या शब्दाशी अडून बसलो आहे. ‘रक्ष्’ या धातूला ‘क्त’ प्रत्यय लागून ‘रक्षित’ हे कर्मणि धातुसाधित होते, आणि ‘सु’ हा उपसर्ग लागून ‘चांगल्या प्रकारे राखलेला’ असा अर्थ मिळतो. शिवलेला सदरा म्हटले की शिवणारा आलाच. त्याच न्यायाने सुरक्षित म्हटले की राखणारा यायला हवा. इंग्रजीतील ‘सिक्युअर’ हा शब्द मात्र दुसऱ्याच वाटेने आलेला आहे. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन ‘सेक्युरस’मध्ये ‘से’ म्हणजे शिवाय आणि ‘कुरा’ म्हणजे काळजी, म्हणून मूळ अर्थ ‘काळजीवाचूनचा’, आपल्या भाषेत निर्धास्त. क्लाउड विकणाऱ्यांच्या पत्रकांत तो शब्द बऱ्याचदा याच जुन्या अर्थाने वाचला जातो : आमच्याकडे द्या आणि निर्धास्त व्हा. आपण त्याचे भाषांतर ‘सुरक्षित’ असे करतो तेव्हा, राखणारा कोण हे न सांगताच, राखल्याची ग्वाही देऊन बसतो.

‘संरक्षित’ हा शब्द मला अधिक प्रामाणिक वाटतो. राज्यातील कितीतरी किल्ल्यांवर ‘संरक्षित स्मारक’ अशी पाटी असते. ती पाटी सांगते की या वास्तूची जबाबदारी कायद्याने कोणीतरी घेतली आहे. बुरूज ढासळणार नाही असे काही ती सांगत नाही, आणि वाचणाराही तसे समजत नाही. क्लाउडसाठी हा शब्द चालेल का? आणि ‘सुरक्षा उत्पादना’तील ‘सुरक्षा’ व आपल्याला हवी असलेली ‘सुरक्षितता’ या दोन शब्दांत आपण पुरेसा फरक करतो का? माझ्या समजुतीप्रमाणे सुरक्षा ही व्यवस्था आहे आणि सुरक्षितता ही स्थिती. पहिली विकत घेता येते म्हणून दुसरीही घेतली असे आपण धरून चालतो. जाणकारांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद : क्लाउड यंत्रणा सांभाळणाऱ्या एका अभियंत्याकडून

आपला मुद्दा मला रोजच्या कामामुळे फार जवळचा वाटला. आमच्या क्षेत्रात हा सगळा वाद एका विभक्तीवर उभा आहे, असे म्हटले तरी चालेल. क्लाउड सेवा विकणाऱ्या ॲमेझॉनने आपली आणि ग्राहकाची जबाबदारी सांगताना ‘क्लाउडची सुरक्षा’ आणि ‘क्लाउडमधील सुरक्षा’ असे दोन भाग केले आहेत. इमारत, वीज, यंत्रे, जाळे आणि आभासी यंत्रे (एका खऱ्या यंत्रात सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक) चालवणारा थर हे सारे पुरवठादाराकडे. त्या यंत्रणेत काय ठेवले, कोणाला दाखवले, किल्ल्या कोणाच्या हाती दिल्या, हे ग्राहकाकडे. मराठीत ‘क्लाउडची सुरक्षा’ म्हटले की षष्ठीमुळे घोटाळा होतो, कारण क्लाउडने दिलेली सुरक्षा आणि क्लाउडला दिलेली सुरक्षा असे दोन्ही अर्थ त्यातून निघतात. म्हणून मी प्रशिक्षणात ‘इमारतीची राखण’ आणि ‘खोलीची राखण’ असे सरळ सांगतो, आणि नवीन मुलांना ते लगेच कळते.

अतिरिक्त उत्पादनांविषयी एक प्रसंग सविस्तर सांगतो, कारण तो दोन्ही बाजूंच्या लोकांनी नीट वाचण्यासारखा आहे. २०१९ मध्ये कॅपिटल वन या अमेरिकी बँकेतून अमेरिकेतील सुमारे १० कोटी आणि कॅनडातील सुमारे ६० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. माहिती ॲमेझॉनच्या साठवणीत होती, पण कुलूप ॲमेझॉनच्या इमारतीचे तुटले नव्हते. संकेतस्थळासमोर वेबवरील हल्ले अडवणारी एक फायरवॉल बसवलेली होती, म्हणजे आपल्या वाक्यातील शब्दांत, एक अतिरिक्त सुरक्षा उत्पादनच. तिची मांडणी चुकलेली असल्यामुळे बाहेरच्या व्यक्तीने तिच्याचकरवी आतील यंत्रणेला निरोप पाठवला. आतील यंत्रणेने, विचारणारा आपलाच आहे असे समजून, तात्पुरत्या किल्ल्या देऊन टाकल्या. त्या किल्ल्यांनी आवश्यकतेपेक्षा कितीतरी जास्त दारे उघडत होती, म्हणून साठवणीतील फाइली उतरवून घेता आल्या. माहिती कूटबद्ध, म्हणजे किल्लीवाचून वाचता न येणारी, होती, परंतु त्याच मार्गाने ती उलगडलीही गेली. १७ जुलै २०१९ रोजी बाहेरच्या एका माणसाच्या ईमेलमुळे बँकेला हे कळले, आणि पुढच्या वर्षी नियामकाने ८ कोटी डॉलरचा दंड केला. दार राखायला बसवलेली वस्तूच दार झाली, हे यातले मर्म आहे.

यावरून ‘मग उत्पादने नकोतच’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांसाठी २०२३ चा मायक्रोसॉफ्टचा प्रसंग सांगणे मला आवश्यक वाटते. तेथे हल्लेखोरांच्या हाती मायक्रोसॉफ्टची स्वतःची, वापरकर्त्यांच्या प्रवेशपत्रांवर सही करण्याची एक डिजिटल किल्ली लागली, आणि तिच्या जोरावर त्यांनी वीसहून अधिक संस्थांच्या ईमेलच्या टपालपेट्या वाचल्या. म्हणजे येथे चूक इमारतीच्या मालकाची होती, आणि दुसऱ्या वर्षी अमेरिकी सरकारच्या समितीने ही घुसखोरी टाळता येण्यासारखी होती असे स्पष्ट लिहिले. पण ती पकडली कोणी? अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने. कारण कोणते टपाल कोणी उघडले याच्या तपशीलवार नोंदी मिळणारी वरच्या दराची सेवा त्या खात्याने घेतलेली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती त्यांच्याकडे पाहायला नोंदच नव्हती. पुढे मायक्रोसॉफ्टने त्यातील बऱ्याच नोंदी कमी दराच्या ग्राहकांनाही देण्याचे जाहीर केले. आवक-जावक नोंदवहीसाठी वेगळे पैसे घ्यावेत का, हा माझ्या मते सुरक्षेचा नव्हे तर नीतीचा प्रश्न आहे, आणि तो विचारला गेला हे बरे झाले.

त्यामुळे ‘अतिरिक्त उत्पादनांशिवाय क्लाउड सुरक्षित आहे का’ या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे : दारे लावण्यासाठी लागणारे बहुतेक सगळे मूळ सेवेत असते, दारावर नजर ठेवण्यासाठी मात्र बऱ्याचदा वेगळे घ्यावे लागते. २०२४ मध्ये स्नोफ्लेक या माहिती साठवण्याच्या क्लाउड सेवेचे सुमारे १६५ ग्राहक अडचणीत आले, ते चोरलेल्या पासवर्डमुळे आणि पासवर्डच्या जोडीला दुसरी पडताळणी चालू न ठेवल्यामुळे. तीही सोय सेवेत होतीच.

‘संरक्षित’ हा शब्द मला चालेल. परंतु त्याआधी पंचमीचा विचार व्हावा. मराठीत ‘पासून’ लावल्याशिवाय ‘सुरक्षित’ पुरा होत नाही. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथील ओव्हीएच या क्लाउड कंपनीचे एक डेटा सेंटर, म्हणजे संगणकांची इमारत, आगीत जळाले, तेव्हा ज्यांची माहिती चोरापासून उत्तम राखलेली होती पण दुसरी प्रत कुठेच नव्हती, त्यांची माहिती कायमची गेली. चोरापासून, आगीपासून, आपल्याच माणसाच्या चुकीपासून, की पुरवठादारापासून, हे लिहायलाच हवे.

प्रतिसाद : भूमिअभिलेख कार्यालयातून निवृत्त झालेल्या एका सभासदाकडून

संगणकाचे मला फारसे कळत नाही, तरी एका शब्दाबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. वरील अभियंता महोदयांनी ज्या विभागणीचा उल्लेख केला, तिला बऱ्याच मराठी लेखांत ‘सामायिक जबाबदारी’ म्हटलेले मी वाचले आहे. आमच्या खात्यात सामाईक म्हणजे न वाटलेले. सातबाऱ्यावर क्षेत्र सामाईक असेल तर प्रत्येक सहधारकाचा हक्क सगळ्या जमिनीवर असतो, आणि अमुक तुकडा अमक्याचा असे कोणालाच बोट ठेवून दाखवता येत नाही. सामाईक विहिरीचा गाळ कोणी काढायचा यावरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेली भांडणे मी सेवेत असताना पाहिली आहेत.

आपण वर्णन करता ती व्यवस्था याच्या नेमकी उलट दिसते. तेथे वाटप झालेले आहे, आणि बांधही घातलेला आहे. मग तिला ‘जबाबदारीचे वाटप’ म्हणावे, सामायिक म्हणू नये. ‘सामायिक’ हा शब्द वाचून ग्राहक असे समजेल की समोरचाही माझ्या हिश्श्याकडे पाहणार आहे, आणि घोटाळा बहुधा तेथूनच सुरू होत असावा. आमच्याकडे बांध कुठे आहे यावरून शंका आली की हद्द कायम मोजणी होते. तशी मोजणी आपल्या क्षेत्रात होते का?

अभियंत्याचे उत्तर

महोदय, आपला शब्द मी आजपासून वापरणार आहे. मोजणी होते, किंवा व्हायला हवी, आणि ती सेवागणिक वेगळी होते, हीच यातील अवघड जागा आहे. नुसते आभासी यंत्र भाड्याने घेतले तर त्यावरील कार्यप्रणालीची (ऑपरेटिंग सिस्टिमची) दुरुस्ती ग्राहकाने करायची. पुरवठादाराने चालवलेला डेटाबेस घेतला तर ती पुरवठादाराने करायची. तयार ईमेल सेवा घेतली तर ग्राहकाकडे मुख्यतः खाती, परवानग्या आणि मजकूर एवढेच उरते. बांध प्रत्येक सेवेत सरकतो. पण कोणत्याही सेवेत ग्राहकाचा हिस्सा शून्य होत नाही. आपल्याकडील २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यातही हेच आहे : माहितीवरील प्रक्रिया दुसऱ्याकडून करून घेतली तरी ती गोळा करणारी संस्थाच जबाबदार राहते, आणि वाजवी सुरक्षा न राखल्यास दंडाची मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे.

प्रतिसाद : माध्यमिक शाळेतील एका मराठीच्या शिक्षिकेकडून

‘अतिरिक्त’ या शब्दाकडे कोणाचे लक्ष गेले नाही, म्हणून लिहिते. आमच्या शाळांमध्ये ‘अतिरिक्त शिक्षक’ म्हणजे संचमान्यतेत (शाळेच्या मंजूर पदांच्या निश्चितीत) जागा न उरलेला, गरजेपेक्षा जास्त ठरलेला शिक्षक. हा शब्द ऐकला की आमच्या पोटात गोळा येतो. याउलट ‘अतिरिक्त जिल्हाधिकारी’ यांच्याकडे ठरलेले काम आणि ठरलेले अधिकार असतात. मूळ वाक्यातील ‘अतिरिक्त सुरक्षा उत्पादन’ यांपैकी कोणते? वाचणाऱ्याच्या कानाला पहिलाच अर्थ आधी लागला, तर ‘आवश्यकता नाही’ हे वाक्य लिहिण्यापूर्वीच ठरून गेलेले असते. जे उणीव भरून काढते त्याला ‘पूरक’ म्हणावे आणि उणीव कोणती ते आधी लिहावे, अशी माझी सूचना आहे. उणीव लिहिता आली नाही, तर ते उत्पादन खरोखरच अतिरिक्त आहे असे समजायला हरकत नाही.

मूळ टिपणकर्त्याचे उत्तर

सर्वांचा मी मनापासून ऋणी आहे. बाईंच्या सूचनेमुळे माझा एक आग्रह सुटला. प्रत्येक उत्पादनाला संशयाने पाहण्याकडे माझा कल झाला होता, कारण फोनवर उघडलेली ती आधार कार्डाची प्रत डोळ्यांसमोरून जात नव्हती. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा उत्पादनातील एका सदोष अद्यतनामुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले, विमाने खोळंबली, हेही मी मनाशी पुराव्यादाखल धरून ठेवले होते. परंतु परराष्ट्र खात्याच्या नोंदींचा प्रसंग वाचल्यावर ‘पूरक’ हा शब्द मला पटला.

‘संरक्षित’बद्दल मात्र मी स्वतःच माघार घेतो. वाक्य करून पाहिले, ‘संस्थेची माहिती क्लाउडवर संरक्षित आहे’, आणि लक्षात आले की येथेही कर्ता गळतोच. पाटीवर निदान खात्याचे नाव तरी असते. दोष विशेषणाचा कमी आणि कर्त्यावाचून चालवून घेणाऱ्या कर्मणि रचनेचा जास्त आहे. म्हणून विशेषण काढून क्रियापद ठेवले. सचिवांना पाठवलेला मजकूर असा आहे :

‘संस्थेची माहिती क्लाउडवर ठेवलेली आहे. इमारत, यंत्रे व जाळे यांची राखण पुरवठादार करतो. कोणती फाइल कोणाला दिसावी, खात्यांची दुहेरी पडताळणी आणि माहितीची दुसऱ्या ठिकाणची प्रत यांची राखण संस्था करते. कोणी कोणती फाइल उघडली याच्या नोंदी तपासण्यासाठी एक पूरक सेवा घेतली असून त्या नोंदी दर आठवड्याला श्री./श्रीमती ............ पाहतात.’

सचिवांचा काल फोन आला होता. त्यांना मजकूर मान्य आहे, शेवटची ओळ गाळावी का, एवढे त्यांनी विचारले. गाळू नये असे मी सांगितले. रिकाम्या जागी कोणाचे नाव घालायचे हे संचालक मंडळाच्या मंगळवारच्या सभेत ठरणार आहे, आणि तोपर्यंत अहवाल छपाईला न देण्याचे त्यांनी मान्य केले आहे.