चर्चा: सोयी नसलेल्या धावपट्टीवर खासगी विमाने उतरू द्यावीत का?

पूर्णाकाठ: 14 सप्टेंबर 2023 रोजी विशाखापट्टणमहून आलेले एक खासगी लिअरजेट विमान मुंबईत मुसळधार पावसात उतरताना धावपट्टीबाहेर जाऊन मोडले. दृश्यमानता तेव्हा 700 मीटर होती; विमानातील आठही जण वाचले. जिथे चोवीस तास नियंत्रण मनोरा आहे आणि उपकरणे वैमानिकाला धावपट्टीपर्यंत आणून सोडतात, तिथे हे घडत असेल, तर अकोल्याजवळच्या शिवणी किंवा यवतमाळच्या धावपट्टीवर पुढाऱ्यांची आणि उद्योजकांची विमाने उतरू देणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. पूर्ण सोयी होईपर्यंत त्यांनी नागपूरला उतरावे आणि पुढे मोटारीने यावे.

पांदणवाट: आपल्या उदाहरणातून मला नेमका उलटा निष्कर्ष दिसतो. सारी उपकरणे असूनही अपघात झाला, म्हणजे प्रश्न केवळ उपकरणांचा नाही. वेग, उतार आणि दिशा पाचशे फुटांवर आल्यावरही स्थिर नसतील, तर उतरण्याचा प्रयत्न सोडून पुन्हा वर जायचे, ही शिस्त वैमानिकाने पाळायची असते आणि तिला मनोरा लागत नाही. शिवाय एका इंजिनाचे छोटे विमान आणि जेट यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे, कारण छोट्या विमानाचा उतरण्याचा वेग कमी असल्याने त्याला काहीशे मीटर पुरतात. सरसकट बंदी घातली, तर अत्यवस्थ रुग्णाला हलवण्याची वाटही बंद होईल.

पूर्णाकाठ: शिस्त कागदावर आहे, हे मान्य. परंतु मागच्या आसनावर सभेची वेळ गाठायची घाई असलेला नेता बसला असेल, तर परत फिरण्याचा निर्णय वैमानिकाला किती सोपा जातो? डोळ्यांच्या भरवशावर उतरायचे, तर साधारणपणे पाच किलोमीटरपर्यंत दिसायला हवे. हिवाळ्यात सकाळी नदीकाठी धुके दाटलेले असताना हे अंतर मोजणारा तिसरा माणूस तिथे नसेल, तर ज्याला उतरायचे आहे तोच ते ठरवणार.

बेलोरा-शेजारी: दोघेही अपघात कसा टाळावा यावरच बोलत आहात, तो झाल्यावर काय, हा प्रश्न राहूनच गेला. आंतरराष्ट्रीय निकषानुसार विमानतळाचा अग्निशमन बंब धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला तीन मिनिटांच्या आत पोहोचला पाहिजे. मुंबईत अशी व्यवस्था कायम सज्ज असते. आमच्या भागात तालुक्याच्या गावाहून बंब निघाला, की वाटेतले फाटक, आठवडी बाजार आणि खड्डे ओलांडेपर्यंत इंधनाची आग कुणासाठी थांबणार आहे? म्हणून बंदी नको. पण विमान उतरण्यापूर्वी बंब आणि रुग्णवाहिका धावपट्टीवर उभी असल्याशिवाय परवानगीही नको, आणि त्याचा खर्च विमान मागवणाऱ्याने द्यावा.

पांदणवाट: ही अट मला मान्य आहे, परंतु रोज अनेकदा उतरणाऱ्या प्रशिक्षण विमानांचा खर्च विद्यार्थ्यांच्या शुल्कात जाऊ नये.

तुरीचे-शेत: भाऊ, आमचे शेत अशाच एका धावपट्टीला लागून आहे. कुंपण दोन ठिकाणी तुटलेले असून रोही (नीलगायी) आणि रानडुकरे तिथूनच ये-जा करतात. मंत्री येणार असले, की सकाळपासून पोलीस उभे राहून गुरे हाकलतात. इतर विमान उतरते तेव्हा मात्र तिथे कुणीही नसते. बंबाचा खर्च कुणी द्यायचा हे खुशाल ठरवा, पण ती दोन भगदाडे बुजवायला कुणाच्या परवानगीची वाट पाहायची आहे?