मसुद्यातला एक शब्द बदलायचा असेल तर

संयुक्त राष्ट्रांच्या महिला दर्जा आयोगात, म्हणजे स्त्रियांच्या हक्कांवर देशोदेशीची सरकारं जिथे चर्चा करतात तिथे, चर्चच्या प्रतिनिधींनी बायबलमधली वचनं मांडावीत का, असा प्रश्न आहे. उपासनेत जरूर, अधिवेशनात संमत व्हायच्या दस्तऐवजाच्या मसुद्यावर बोलताना नको. न्यूयॉर्कला युनोच्या समोर, रस्त्यापलीकडेच चर्च सेंटर आहे; गलतीकर ३:२८ (ख्रिस्तात स्त्री-पुरुष असा भेद नाही, हे वचन) तिथल्या चॅपलमध्ये वाचा, त्यानं बळ मिळतं. सरकारी प्रतिनिधीला मात्र हवा असतो परिच्छेदाचा क्रमांक, खोडायचा शब्द, त्याजागी घालायचा शब्द आणि तोच शब्द पूर्वी कुठल्या वर्षी मान्य झाला त्याचा दाखला. सगळं एका पानात.

खरा घोळ वेळेचा होतो. अधिवेशन मार्चमध्ये, पण वाटाघाटी त्याआधीच सुरू होतात. २०२५ साली तर तो दस्तऐवज, म्हणजे राजकीय जाहीरनामा, पहिल्याच दिवशी संमत झाला! तेव्हा आपापल्या देशाच्या मंत्रालयाला आधीच गाठा. लेखी निवेदन युनोनं सल्लागार दर्जा दिलेल्या संस्थांनाच देता येतं. त्यातला 'विशेष' प्रकारचा दर्जा असेल तर मर्यादा १५०० शब्दांची.

आणि 'चर्चची भूमिका' असं मोघम कधीच म्हणू नका. व्हॅटिकनचं शिष्टमंडळ निरीक्षक म्हणून तिथे असतं, मत देत नाही पण बोलतं. प्रजनन आरोग्याच्या परिच्छेदावर त्यांचं आणि तुमचं म्हणणं वेगळं असू शकतं, म्हणून आपल्या संस्थेचं नाव स्पष्ट घ्या.